रोहेकरांचा शनिवार

“मी त्याला सांगूनसुद्धा टाकलंय,” आरॉन फोनवर म्हणाला.

“काय सांगून टाकलंय?”

“की तुझ्या मुलीच्या शाळेचं झालं. पैसे टॅक्समधून जातील. तुम्ही फक्त ते क्रेडिट कुठे टाकायचं ते बघा.”

दुबईत मला बावीस वर्षं झाली. ‘सांगूनसुद्धा टाकलंय’ हे ऐकलं की मी अजून हातातलं पेन खाली ठेवते. क्लायंट आधी शब्द देतात आणि मग आम्हाला विचारतात. पत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारण्यातला हा प्रकार.

मी टॅक्स कन्सल्टंट. पूर्वी हे सांगितलं की लोक हसायचे, कारण इथे पगारावर कर नाही, आणि कुणालाही वाटायचं की करच नाही. आम्ही ऑडिट करायचो, नंतर व्हॅट आला, त्याचे रिटर्न भरायचो. आता कंपन्यांच्या नफ्यावर कर लागतो. एका मर्यादेच्या वर नऊ टक्के. तेव्हापासून आमच्यावर कुणी हसत नाही.

आरॉन आमचा क्लायंट. अमेरिकन माणूस, धर्माने ज्यू, वय पन्नाशीच्या आतबाहेर. अल क्वोजमध्ये त्याचं वर्कशॉप आहे. हॉटेलांच्या किचनला लागणारं स्टीलचं सामान तिथे बनतं: सिंक, टेबलं, शेगडीच्या वरचे धूर ओढणारे हूड. मोठ्याने बोलतो, पटकन चिडतो, पटकन विसरतो आणि हात सढळ आहे. चारही गोष्टी अकाउंटंटला त्रासदायक.

ज्याला त्याने शब्द दिला होता तो त्याचा प्रॉडक्शन सुपरवायझर, सॅम्युअल. तोसुद्धा ज्यू, भारतातला. त्याची मुलगी एस्थर तेव्हा अकरा वर्षांची होती. दुबईत ज्यू लोकांची एक छोटी शाळा रविवारी भरते. हिब्रू वाचायला, प्रार्थना म्हणायला, सणवार पाळायला शिकवतात. फी वर्षाला पंधरा हजार दिरहम, म्हणजे आपले साडेतीन लाख. सुपरवायझरच्या पगारात एस्थरची रोजची शाळा आणि शारजातलं भाडं भागवून हे बसत नव्हतं. आणि मुलगी बारा वर्षांची झाली की त्यांच्यात ती धर्माच्या दृष्टीने मोठी होते, त्याआधी तिला हे सगळं यायला हवं. सॅम्युअलच्या बायकोने, रिबेकाने, शेवटी ठरवलं होतं: इथे जमत नसेल तर मी तिला घेऊन ठाण्याला आईकडे जाते. तिथे सिनेगॉग आहे, शिकवणारे आहेत. जूनमध्ये शाळा सुरू होते.

म्हणजे बाप इथे आणि बायको-मुलगी तिथे. सॅम्युअलने त्यांना सोडून यायला रजा मागितली, आरॉनने कारण विचारलं आणि कारण ऐकून जागच्या जागी शब्द दिला.

त्याने तो शब्द कशाच्या भरवशावर दिला, ते आता सांगते. अमेरिकेतल्या काही राज्यांत अशी सोय आहे. समजा तुम्हाला सरकारला शंभर रुपये कर द्यायचाय. त्यातले वीस तुम्ही मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला दिलेत आणि सरकार म्हणालं, ठीक आहे, मग मला ऐंशीच द्या. याला म्हणतात टॅक्स क्रेडिट. पैसे जाणारच होते, फक्त रस्ता बदलला. तिथले बरेच ज्यू व्यावसायिक अशा संस्थांना पैसे देतात, आणि त्यातून ज्यू शाळांमधल्या मुलांच्या फिया भरल्या जातात. आरॉनने हे वर्षानुवर्षं केलं होतं, आईच्या नावाने.

इथे असं काही नाही.

मी आमच्या पार्टनरना, थॉमस सरांना, जाऊन सांगितलं. सरांचं टेबल नेहमी रिकामं असतं, कारण सगळे कागद माझ्या टेबलावर असतात.

“गुप्ते, इस में क्या है? लिख दो, नो सच क्रेडिट इन यूएई. वन ईमेल. खलास.”

“सर, त्याने त्या माणसाला प्रॉमिस केलंय.”

“प्रॉमिस इज नॉट अ टॅक्स मॅटर.”

सरांचं बरोबर होतं. पण ईमेलवर ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं, आणि म्हणूनच मला ते आवडत नाही. दुसऱ्या दिवशी मी अल क्वोजला गेले.

आरॉनची केबिन वर्कशॉपच्या वर, जिना चढून गेलं की. खाली ग्राइंडर चालू असतो, त्यामुळे वर सगळे ओरडून बोलतात आणि मीटिंग शांततेत चालली असली तरी भांडण वाटतं.

“इथे क्रेडिट नाही,” मी ओरडून सांगितलं. (तो इंग्रजीतच बोलतो, मी मराठीत सांगतेय.)

“मग माझ्या राज्यातल्या संस्थेला देतो. मला अजून तिथे कर भरावाच लागतो. ते एस्थरला देतील.”

“ती शिष्यवृत्ती तिथल्या शाळांमधल्या मुलांसाठी आहे. शारजात राहणारी मुलगी त्यात कशी बसेल?”

“त्यांना मी सांगेन ना, हिलाच द्या म्हणून.”

“तेच सांगायचं नसतं. पैसे तुम्ही द्यायचे, मूल संस्था निवडणार. तुम्हाला माहीत आहे हे.”

त्याला माहीत होतं. तो खुर्चीत मागे टेकला. “मग इथल्या शाळेला देणगी देतो.”

“त्यावर क्रेडिट मिळत नाही. फार तर डिडक्शन मिळतं, आणि तेही सरकारच्या यादीतल्या संस्थेला दिलं तर. ही शाळा यादीत नाही.”

इथे डिडक्शन म्हणजे काय तेही सांगून टाकते, कारण या दोन शब्दांत भल्याभल्यांची गल्लत होते. क्रेडिटमध्ये तुमचा कर वीस रुपयांनी कमी होतो. डिडक्शनमध्ये तुमचा नफा वीस रुपयांनी कमी धरतात. वीस रुपयांवर नऊ टक्के म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे. तेवढाच कर वाचतो, बाकीचे तुमच्या खिशातून. बोलण्यात दोन्ही सारखंच वाटतं आणि हिशेब केला की माणूस पाणी मागतो.

आरॉनने पाणी मागितलं नाही. टेबलावर हात आपटला. “यल्ला, सोडा. टॅक्स गेला खड्ड्यात. मी माझ्या खिशातून देतो.”

“मग प्रश्नच मिटला,” मी म्हणाले आणि पर्स उचलली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. दिलदार माणूस, गरजू मुलगी, मध्ये कायदा नाही. माझं काम संपलं होतं.

पुढच्या आठवड्यात परत फोन.

“तो नाही म्हणाला.”

“कोण?”

“सॅम्युअल! मी त्याच्या मुलीची शाळा देतोय आणि तो मला म्हणतो, थँक यू सर, नो. मी काय वाईट केलं त्याचं? तुम्ही या आणि त्याच्याशी बोला. तो तुमच्या बाजूचा आहे.”

आरॉनच्या दृष्टीने काश्मीर ते केरळ ही सगळी माझी बाजू. पेरोलवर ‘सॅम्युअल आर.’ एवढंच नाव होतं. भारतातले ज्यू म्हटल्यावर मी मनाशी कोचीनचा माणूस धरून चालले होते, आणि वाटेत गाडीत इंग्रजी वाक्यं जुळवत होते.

वर्कशॉपच्या कॅन्टीनमध्ये एक सावळे, उंच, मिशीवाले गृहस्थ कडक चहाचे दोन कागदी कप घेऊन आले.

“मिस्टर सॅम्युअल,” मी सुरुवात केली, “अ‍ॅज पर द टॅक्स पोझिशन—”

“मॅडम, मराठीत बोला ना. तुम्ही गुप्ते ना? मी रोहेकर.”

“रोह्याचे?”

“मूळचे रोह्याचे. बेने इस्राएल आम्ही. तुम्ही कुठच्या?”

“पेण.”

“मग काय, शेजारीच.”

जुळवलेली इंग्रजी वाक्यं मी चहाबरोबर गिळली. आयुष्यभर रायगडातलं असल्याची फुशारकी मारायची आणि समोरच्या रोहेकराला मल्याळी समजायचं! आमच्या पेणलाही पूर्वी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, कुटुंबं होती, आई नावं घ्यायची. पाच मिनिटं आम्ही माशांवर बोललो. ते खवलेवाले मासेच खातात, कोळंबी-चिंबोरी चालत नाही. “मग रायगडात जन्माला येऊन उपयोग काय?” मी म्हणाले, आणि ते मनापासून हसले. त्यामुळे पुढचं बोलणं सोपं झालं.

“रोहेकर, नाही का म्हणालात?”

“मॅडम, सर जेव्हा म्हणाले टॅक्समधून मिळतंय, तेव्हा मी हो म्हटलं. घरी सांगितलं. रिबेकाने ठाण्याला फोन करून कळवलं की आम्ही येत नाही. आता सर म्हणतात टॅक्सचं जमत नाही, मी देतो. ते नको.”

“पैसे तर तेच आहेत.”

“तेच कसे? टॅक्सचे पैसे कुणा एकाचे नसतात. सरांचे पैसे सरांचे असतात.”

“बरं, असतात. त्यांना द्यायचेत. तुम्हाला कमीपणा वाटतो का?”

“कमीपणाचं नाही.” त्यांनी कप टेबलावर ठेवला. “शनिवारी फोन आला तर काय करू?”

मला काही कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. वर्कशॉपला सुट्टी रविवारची. पण रोहेकर शनिवारी काम करत नाहीत. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत त्यांचा शब्बाथ. हातात काम घ्यायचं नाही, फोनही नाही. बदल्यात ते रविवारी एकटे येऊन मोजमापं, कटिंगचे ड्रॉइंग, सोमवारची तयारी करतात. हे आरॉनच्या आधीच्या मालकाच्या वेळपासून चालत आलेलं, तोंडी. आरॉन स्वतः ज्यू असला तरी तेवढा पाळणारा नाही. ऑर्डर अडकली की तो शनिवारीसुद्धा फोन लावतो.

“मी उचलत नाही. शब्बाथ सुटला की संध्याकाळी ‘सॉरी सर’ म्हणून मेसेज टाकतो, आणि रविवारी येऊन सगळं करून देतो. सर दोन दिवस फुगतात, मग विसरतात. पण उद्या ज्या माणसाच्या पैशातून माझी मुलगी हिब्रू शिकणार, त्याचा फोन मी कुठल्या तोंडाने उचलणार नाही?”

“आरॉन तसा माणूस नाहीये. तो बोलून दाखवणार नाही.”

“ते नाही दाखवणार. मीच उचलीन. आमच्या लोकांना गावात शनिवार तेली म्हणायचे, मॅडम. तेलाचा घाणा होता, पण शनिवारी बंद. कुणी कितीही मोठा आला तरी बैल जुंपायचे नाहीत. बाकी आम्ही विसरलो होतो बरंच, हिब्रू विसरलो, पुस्तकं नव्हती. शनिवार तेवढा ठेवला. आता मुलीला शनिवार शिकवायला म्हणून मी माझा शनिवार विकू?”

मला राग आला, हेही सांगायला हवं. एवढा अडेलतट्टूपणा कशाला? “आणि मुलगी ठाण्याला गेली म्हणजे?” मी जरा जोरातच विचारलं.

“मग शुक्रवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल. त्या दोघी दिवे लावतील ते मी इथून बघीन.”

आवाजात काही नव्हतं. बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. माझा राग तिथेच विरला आणि त्याच्या जागी वाईट वाटायला लागलं, जे कामाच्या दृष्टीने आणखी अडचणीचं.

निघताना कळलं की रोहेकर ज्यांच्याबरोबर शारजाहून येतात-जातात त्या नाझिम मुकादमांची गाडी गॅरेजला आहे. मीही शारजालाच राहते. म्हटलं, चला, दोघांना सोडते. मुकादम वेल्डिंगचे फोरमन, श्रीवर्धनचे. पुढे रोहेकर, मागे मुकादम, त्यांच्या मांडीवर दोघांचे डबे. शारजाच्या रस्त्याला लागलो आणि नेहमीप्रमाणे सगळं जागच्या जागी थांबलं. या रस्त्यावर माणसाला बोलण्याशिवाय गत्यंतर नसतं.

“मॅडम, ह्याला तुम्हीच समजवा,” मुकादम मागून म्हणाले. “मी बोल बोल के थक गया. अरे, अल्लाने दिलंय तर घे ना. पण नाही! ह्याचा शनिवार!”

“तुझा जुम्मा चालतो तो?” रोहेकर मागे न बघता म्हणाले.

“जुम्म्याला मी मशिदीत जातो तेव्हा माझी लाइन कोण बघतो? हाच बघतो. शनिवारी ह्याची लाइन मी बघतो. आठ वर्षं झाली, मॅडम. मी कधी उपकार म्हटलं? ह्याने म्हटलं?”

“ते वेगळं,” रोहेकर म्हणाले. “ते फिटतं.”

पुढची गाडी चार हात सरकली. मीही सरकले. ‘फिटतं’ हा शब्द माझ्या डोक्यात अडकला होता.

“रोहेकर, पगार घेताना उपकार वाटतो का?”

“पगार कसला उपकार? काम करतो मी.”

“आणि घरभाड्याचा अलाउन्स?”

“तो पण पगारच.”

“हां, अलाउन्स!” मुकादम म्हणाले. “मॅडम, माझ्या दोन पोरींचा कुराण आणि अरबीचा क्लास आहे. त्याची पण फी वाढली. आमच्यासाठी पण कुणी काहीतरी टॅक्स काढा की.”

ते थट्टेत बोलले. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं. बावीस वर्षं मी लोकांचे खर्च कुठल्या सदरात टाकायचे हेच तर ठरवत आलेय. हा खर्च आम्ही सगळे चुकीच्या सदरात शोधत होतो. आरॉन शोधत होता क्रेडिटमध्ये, मी शोधत होते देणगीत. तो होता पगारात.

दुसऱ्या दिवशी मी परत आरॉनच्या केबिनमध्ये.

“एक पॉलिसी करा,” मी म्हणाले. “ज्या स्टाफची मुलं इथे राहतात, त्यांच्यासाठी शिक्षण भत्ता. मुलांच्या भाषेच्या किंवा धर्माच्या क्लासची फी कंपनी देईल. करारपत्रात घालायचं. रोहेकरांनी तो मागायचा नाही आणि तुम्ही तो द्यायचा नाही. तो मिळेल.”

“आणि क्रेडिट?”

“क्रेडिट विसरा. माणसं टिकवण्यासाठी केलेला हा धंद्याचा खर्च आहे, पगारासारखाच. नफ्यातून वजा होईल. नऊ टक्के वाचतील.”

“स्टाफ म्हणजे सगळा स्टाफ?”

“बहुतेकांची कुटुंबं गावाला आहेत. इथे मुलं असलेले पाच जण आहेत.”

“फक्त सॅम्युअलला दिलं तर काय? कायदा अडवतो?”

“कायदा नाही अडवत. रोहेकर अडवतील. एकट्याला दिलं की ते परत तुमचं दानच झालं, फक्त पगाराचा सदरा घातलेलं.”

त्याने बोटांवर पाच जण आठवून पाहिले. “नाझिमच्या मुली कुठे जातात?”

“कुराणच्या क्लासला.”

तो खिडकीपाशी जाऊन खाली बघत उभा राहिला. खाली मुकादम कुणाला तरी झाडत होते. ग्राइंडरच्या आवाजातही ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

“म्हणजे मला ज्यू शाळेला शिष्यवृत्ती द्यायची होती, आणि मी कुराण शिकवणार.”

“आणि मल्याळम. स्टोअरकीपर कुट्टीचा मुलगा मल्याळमच्या क्लासला जातो.”

तो हसला नाही. मला वाटलं, फिस्कटलं. मग तो खुर्चीत येऊन बसला आणि हळू बोलायला लागला. त्या केबिनमध्ये हळू बोललेलं ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. त्याची आई घराच्या तळघरात मुलांना हिब्रू शिकवायची. फी घ्यायची नाही. शेजारपाजारची कुठलीही मुलं येऊन बसायची, त्यातली काही ज्यू नव्हतीच. दारात आलेल्या प्रत्येकाला ती एकच प्रश्न विचारायची, जेवलास का?

“तिचं नाव लावता येईल?” त्याने विचारलं. “तिथे शिष्यवृत्तीला होतं.”

“पगारपत्रकावर कुणाच्या आईचं नाव येत नाही, आरॉन.”

“एका ओळीत?”

“एका ओळीतही नाही. नाव आलं की उपकार आला.”

हे बोलताना मला बरं वाटलं नाही. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव असतं, आणि इथे हा माणूस आईसाठी एक ओळ मागत होता. तो लगेच हो म्हणाला नाही. विचार करतो म्हणाला. मी घरी गेले आणि नवऱ्याला सांगितलं की रोहेकरांची मुलगी बहुतेक ठाण्याला जाणार.

मेच्या शेवटी, रिबेकाने बॅगा काढून ठेवलेल्या असताना, आरॉनचा होकार आला. नावाशिवाय. मी करारपत्राला जोडायचा मजकूर केला आणि रोहेकरांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा ऐकला. मग विचारलं, “माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारची, एवढं लिहिता येईल का?”

आरॉनला विचारलं तर तो म्हणाला, “पण ते तर आहेच.”

“आहेच तर लिहायला काय हरकत?”

त्याने पेन मागितलं आणि सही केली. रोहेकरांनीही केली. थॉमस सरांनी बिलात कन्सल्टेशनचे तास लावायला सांगितले. मी लावले. माझं काम करून मी पैसे घेतले, त्यात उपकार नव्हता.

सप्टेंबरमध्ये एस्थर रविवारच्या शाळेत जायला लागली. रिबेकाने नवस बोलला होता, तो फेडायला एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मलिदा केला. मलिदा म्हणजे एलियाहू पैगंबरांच्या नावाने करायचा नैवेद्य, हा बेने इस्राएल लोकांचाच रिवाज. शारजातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो होतो. मुकादम सहकुटुंब, मी आणि नवरा, कोपऱ्यात कागदी डिश घेऊन आरॉन. मध्ये मोठ्या ताटात गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर फळं आणि गुलाब. मी सवयीने हात पुढे केला.

“आंटी, नॉट येट! वी हॅव टू से द ब्लेसिंग फर्स्ट,” एस्थरने मला दटावलं.

मग तिनेच प्रार्थना म्हटली. एका ठिकाणी अडखळली, रोहेकर ओठ हलवून तिला पुढचा शब्द देत होते. आरॉनचे ओठही हलत होते. नंतर तो पोह्यांचा घास घेऊन म्हणाला, “हे ज्यू खाणं आहे?”

“तुमच्याकडे नसेल,” रिबेका म्हणाली. “आमच्याकडे आहे. जेवलात का नीट? अजून घ्या.”

त्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग त्याने डिश पुढे केली.

गोष्ट इथे संपली असती तर ती देवाधर्माची झाली असती. पण मी टॅक्सवाली आहे, मला वर्षअखेरीस खरं काय झालं ते बघायची सवय आहे.

पुढे हिवाळ्यात, एका शनिवारी सकाळी, मी भाजी निवडत असताना आरॉनचा फोन आला.

“सॅम्युअल फोन उचलत नाहीये.”

“आज शनिवार आहे.”

“मला माहीत आहे. पण हॉटेलचे हूड आजच पाठवायचेत आणि एकाचं माप चुकलंय.”

“मुकादमांना सांगितलंत?”

“तो करतोय. होईल संध्याकाळपर्यंत, इन्शाल्ला.”

“मग मला कशाला फोन?”

तो जरा घुटमळला. “मागच्या महिन्यातही असंच झालं होतं. फोन उचलला नाही, ठीक आहे. पण पूर्वी तो संध्याकाळी ‘सॉरी सर’ असा मेसेज तरी पाठवायचा. आता तोही येत नाही.”

मी हसायलाच लागले. हातातली मेथी खाली पडली.

“काय झालं?” तो म्हणाला.

“काही नाही. अलाउन्स लागू झाला म्हणायचा.”

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तोही हसला, मोठ्याने, नेहमीसारखा.

टॅक्सच्या धंद्यात मी एक शिकले. दान दिलं की देणाऱ्याला बरं वाटतं. हक्काचं दिलं की घेणाऱ्याला ‘सॉरी’ म्हणावं लागत नाही. या दुसऱ्या प्रकाराला कुठल्याही देशात क्रेडिट मिळत नाही. आम्ही तो स्टाफ कॉस्टमध्ये टाकतो.